म्हातारा कुत्रा आणि चकचकीत फरशी

‘मागचे पाय गेले हो त्याचे,’ असं एखाद्या दहा-अकरा वर्षांच्या लॅब्रॉडॉरबद्दल घरचे सांगतात, तेव्हा त्यांनी त्याला कुठे चालताना पाहिलं ते आधी विचारावं. बहुतेक वेळा उत्तर येतं, हॉलमध्ये. आणि हॉलमध्ये चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. तोच कुत्रा खाली सोसायटीच्या मातीत बऱ्यापैकी चालतो, वास घेत फिरतो, क्वचित मांजरामागे चार पावलं पळतोसुद्धा. पाय दोन्हीकडे तेच. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्यासाठी घर नीट करायचं असेल तर पैसा आणि वेळ आधी फरशीवर घालावा. महागडी गादी, रॅम्प, उंच स्टँडवरची भांडी हे सगळं नंतर.

कुत्र्याची पकड असते ती तळव्यांच्या गाद्यांवर आणि नखांवर. मातीत नखं रुततात; टाइलवर ती नुसती टकटक वाजतात. वयाबरोबर तळवे कोरडे, कडक होतात आणि लांब केसांच्या कुत्र्यांमध्ये बोटांमधले केस वाढून तळव्यांच्या खाली येतात. त्यात मागच्या मांड्या झडलेल्या. उठताना कुत्रा पुढचे पाय रोवून अंग ओढून घेतो आणि मग मागून रेटा देतो. मागचे पाय दोन्ही बाजूंना फाकले की तो रेटाच मिळत नाही. दोन-चारदा असा आपटला की तो उठायचंच टाळतो, आणि न उठल्यामुळे मांड्या आणखी झडतात. घरच्यांना दिसतं ते एवढंच, की आता तो पडूनच असतो.

सगळ्या फरश्या सारख्या नसतात. जुन्या घरातली खरबरीत शहाबादी किंवा गावाकडची शेणाने सारवलेली जमीन कुत्र्याला उत्तम. पॉलिश केलेला कोटा कोरडा असेपर्यंत बरा, ओला झाला की वाईट. जुन्या मोझेकच्या लाद्या नव्याने पॉलिश केलेल्या नसतील तर चालून जातात. व्हिट्रिफाइड आणि संगमरवर सगळ्यात वाईट. घराचं काम निघालंच असेल तर टाइल्सच्या दुकानात मॅट फिनिश मागा आणि घसरणीचा दर्जा विचारा: आर१० किंवा आर११ घ्यावा, आर९ म्हणजे पकड कमी. बसलेल्या टाइल्सवर अ‍ॅसिडचा हात मारून त्या खरखरीत करून देणारे लोक मिळतात, पण त्याने चकाकी जाते, डाग धरतात आणि परिणाम सगळीकडे सारखा येत नाही. त्यापेक्षा अंथरलेलं बरं.

काय अंथरायचं आणि कुठे

अख्खं घर झाकायची गरज नसते. संध्याकाळी तासभर त्याच्याकडे नीट बघा. तो कुठे थबकतो, कुठे पाय सरकतो, कुठे भिंतीला अंग घासत जातो, तिथे तिथे फरशीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. साधारण चार जागा निघतात: झोपायच्या जागेसमोर, पाण्याच्या भांड्यापाशी, मुख्य दारापाशी (बेल वाजली की तो घाईने वळतो तिथे) आणि जिथे कॉरिडॉर काटकोनात वळतो तिथे. सरळ चालताना कुत्रा फार घसरत नाही, वळताना आणि उठताना घसरतो. म्हणून अंथरायची पट्टी सरळ भागात ६० सेंटिमीटर रुंद असली तरी पुरते, वळणावर मात्र मोठ्या कुत्र्याला किमान ९० सेंटिमीटरचा चौकोन हवा.

झोपायच्या जागेसमोरची पट्टी त्याच्या अंगाच्या लांबीएवढी तरी पुढे यायला हवी. लोक गादीला खेटून एक पायपुसणं टाकतात. कुत्रा उठतो, पुढचे पाय पायपुसण्याच्या पलीकडे टाइलवर पडतात आणि सगळा खटाटोप फुकट जातो. शिवाय पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या हव्यात. मधे हातभर टाइल उघडी राहिली की धीट कुत्रा उडी मारून पलीकडे जायला बघतो, आणि उडीच तर टाळायची असते. भित्रा असेल तो त्या काठावर उभा राहून रडतो.

आता वस्तू. घरात असतं ते आधी बघू.

सोलापुरी सतरंजी किंवा जाड चादर: पकड चांगली, धुता येते, पण टाइलवर स्वतःच सरकते. तिच्याखाली जाळीदार पीव्हीसी अँटी-स्किड मॅट घाला. ड्रॉवर आणि ट्रेमध्ये घालायला ती मीटरवर मिळते. घालण्याआधी फरशी साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा. तेलाचा किंवा फिनाइलचा थर असेल तर जाळीही सरकते. संगमरवरावर ही जाळी महिनोन्‌महिने एका जागी ठेवली तर डाग उमटू शकतो, म्हणून आठवड्याला उचलून खालची जागा पुसा.

योगा मॅट: साधारण ६१ बाय १७३ सेंटिमीटरची असते. पकड उत्तम, किंमत कमी. मात्र हलकी असल्याने कडा वळतात आणि नखांनी सहा महिन्यांत चिंध्या होतात. तरी सुरुवात योगा मॅटनेच करावी. दोन मॅट घेऊन गादीपासून पाण्यापर्यंत अंथरा, कडांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि आठवडाभर बघा. फरक दिसला तर मग टिकाऊ वस्तूवर खर्च करा.

टिकाऊ म्हणजे रबर. जिममध्ये घालतात तो ६ ते ८ मिलिमीटरचा रबर शीट. वजनदार, हलत नाही, पाणी शोषत नाही, कटरने कापता येतो. नव्याला वास फार येतो. चार-पाच दिवस गॅलरीत, सावलीत पसरून ठेवा. लहान मुलांचे कोड्यासारखे जोडायचे फोमचे चौकोन मोठ्या कुत्र्याला नको: पंजा आत दबतो, तोल जातो, आणि चावायची सवय असेल तर तुकडे पोटात जातात. प्लास्टिकची विणलेली चटई तर अजिबात नको. ती वरून गुळगुळीत आणि खालूनही सरकणारी. काथ्याचं पायपुसणं दाराशी ठीक, झोपायला नाही. कोपराची कातडी सोलवटते.

घसरू नये म्हणून मोजे घालणारे बरेच आहेत. मोजा फिरतो, रबरी ठिपके वरच्या बाजूला येतात आणि कुत्रा आणखी घसरतो. घालायचेच असतील तर घोट्यावर पट्टी असलेले घ्या, पट्टी आवळू नका आणि रात्री काढून ठेवा, कारण आत घाम आणि ओल राहून बोटांमध्ये बुरशी होते. नखांवर चढवायच्या रबरी रिंगा मोज्यांपेक्षा बऱ्या, मात्र माप अचूक लागतं आणि नखं आधी कापलेली हवीत.

पट्ट्या घातल्यावरचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे पाहुणे. लोक येणार म्हणून ‘हॉल जरा नीट दिसू दे’ असं म्हणत नेमक्या त्या दिवशी सगळं गुंडाळून ठेवलं जातं. गर्दीने आधीच बिथरलेला कुत्रा बेल वाजली की दाराकडे धावतो आणि मागचे पाय फाकून बसतो. पट्ट्यांचा रंग फरशीशी मिळताजुळता घ्या, म्हणजे त्या उचलायचा मोह होत नाही. अंधुक दिसणाऱ्या कुत्र्याला मात्र उठून दिसणारा रंग बरा. दोन्हीतलं काय निवडायचं ते त्याच्या डोळ्यांवरून ठरवा.

नखं, केस, वजन

पट्ट्यांइतकाच फरक नखांनी पडतो आणि खर्च जवळपास शून्य. कुत्रा सरळ उभा असताना नखाखालून कागद सहज सरकला पाहिजे. नख फरशीला टेकत असेल तर प्रत्येक पावलाला बोट मागे ढकललं जातं, तो पंजाचा भार मागे घेतो आणि आधीच दुखणारे सांधे आणखी वाकडे वापरतो. म्हातारा कुत्रा बाहेर कमी फिरतो, त्यामुळे नखं आपोआप घासली जात नाहीत. तीन-चार आठवड्यांनी कापावी लागतात.

पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून एका वेळी एक-दीड मिलिमीटरच काप घ्यायचा आणि दर कापानंतर टोकाकडे बघायचं. आधी पांढरट, भुसभुशीत दिसतं. मग मधोमध ओलसर करडा ठिपका दिसू लागतो. तिथे थांबा. नखं फार वाढली असतील तर शीरही लांब झालेली असते. दर आठवड्याला थोडं थोडं कापत गेलं की ती मागे सरते. रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं पाचवं नख विसरू नका. ते जमिनीला लागतच नाही, गोल वळून कातडीत घुसतं. संधिवात असलेल्या कुत्र्याचा पाय बाजूला ओढून वर धरू नका. त्याला कुशीवर झोपवून, पाय आहे तिथेच ठेवून कापा. सगळी नखं एका दिवशी उरकायचा हट्ट धरू नका, एका दिवशी एक पंजा पुरे.

बोटांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीने तळव्याच्या पातळीला आणा. आत खोल घुसू नका.

नखं कापताना ती झिजली कशी आहेत तेही बघा. मागच्या पायाची मधली दोन नखं वरच्या बाजूने, मुळाशी कातडीपर्यंत घासलेली दिसली, तर तो पाय उचलत नाहीये, फरफटत नेतोय. एक साधी तपासणी करा. उभा असताना त्याचा मागचा पंजा उलटा करून, वरची बाजू जमिनीला टेकवून सोडा. निरोगी कुत्रा लगेच पंजा सरळ करतो. तो तसाच ठेवून उभा राहिला तर अडचण सांध्यात नसून मज्जारज्जूत असू शकते, आणि कितीही रबर अंथरलं तरी ती सुटणार नाही. डॉक्टरांकडे जाताना घरी चालतानाचे दोन व्हिडिओ घेऊन जा, एक पट्टीवरचा, एक टाइलवरचा. दवाखान्यात कुत्रा भीतीने ताठ चालतो आणि लंगडणं लपवतो. योगा मॅटचा एक तुकडाही न्या. तपासणीचं टेबल स्टीलचं असतं, त्यावर त्याचे पाय थरथरतात.

वजनाबद्दल एकच सांगतो. लठ्ठ आणि सांधे दुखणाऱ्या कुत्र्याचं वजन सहा-सात टक्क्यांनी जरी उतरलं तरी लंगडणं कमी होतं. ३० किलोच्या कुत्र्यात म्हणजे दोन किलो. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की दाबावं न लागता हाताला लागाव्यात. चहाबरोबरची बिस्किटं बंद केली तरी यातलं निम्मं काम होतं, आणि घरातल्या आजोबांना हे पटवणं हा या लेखातला सगळ्यात अवघड भाग आहे.

गादी

कापसाची गादी पहिले दोन महिने छान, मग गोळे होतात आणि पावसाळ्यात ओल धरते. फोमच्या दुकानात मापाने कापून मिळतो. खाली १० सेंटिमीटर एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबला तरी उसळून येणारा) फोम, घनता ४० किंवा त्याच्या आसपास, आणि वर ५ सेंटिमीटर मेमरी फोम हे मोठ्या कुत्र्याला चांगलं जमतं. बजेट कमी असेल तर ८ ते १० सेंटिमीटर रिबॉन्डेड (तुकडे दाबून केलेला) फोम आणि वर जुनी गोधडी. फोम पुरेसा आहे का हे बघायला स्वतःचं कोपर टेकवून पूर्ण भार द्या. कोपराला खालची फरशी लागली तर त्याच्याही कोपराला लागणार. मोठ्या कुत्र्यांच्या कोपरावर कातडी जाड होते, मग पाणी भरून गोळा येतो, तो याच दाबामुळे.

माप: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी अधिक ३० सेंटिमीटर. चारही बाजूंना उंच काठ असलेल्या टोपलीसारख्या गाद्या दिसायला गोड, पण ताठ झालेल्या कुत्र्याला पाय उचलून काठ ओलांडावा लागतो. एक बाजू पूर्ण सपाट हवी. फोमला आतून रेक्झिनचं कव्हर आणि वर कॉटनचं, बदलता येईल असं. रेक्झिन वर ठेवलं तर तो त्यावरही घसरतो.

नाशिक-निफाडकडच्या थंडीत गादी जमिनीवरून पाच-सात सेंटिमीटर उचला, लाकडी फळीवर ठेवली तरी पुरे. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका. पाय न चालणाऱ्या कुत्र्याला चटका बसला तरी बाजूला सरकता येत नाही.

सोफा, दिवाण, गाडी

उतरताना अंगाचा सगळा भार पुढच्या खांद्यांवर आणि कोपरांवर आदळतो, म्हणून चढण्यापेक्षा उतरणं जास्त वाईट. सोफ्याची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. त्याला रॅम्प करायचा तर लांबी उंचीच्या साडेतीन ते चारपट हवी, म्हणजे १६० ते १८० सेंटिमीटर. दोन खोल्यांच्या घरात एवढी फळी ठेवायला जागाच नसते. मग लोक ९० सेंटिमीटरची फळी लावतात, तिचा चढ ३० अंशांचा होतो आणि कुत्रा एकदा तिच्यावरून घसरला की पुन्हा पाऊल ठेवत नाही.

जागा कमी असेल तर पायऱ्या बऱ्या. सुताराला तीन पायऱ्या सांगा, प्रत्येकीची उंची ११ सेंटिमीटर आणि खोली ३० सेंटिमीटर, म्हणजे चौथं पाऊल सोफ्यावर पडतं. तळाची लांबी ९० सेंटिमीटर होते. रुंदी लहान कुत्र्याला ४० आणि मोठ्याला ५० सेंटिमीटर. २० किलोच्या वरच्या कुत्र्याला १८ मिलिमीटरचं प्लाय, त्याहून हलक्या कुत्र्याला १२ चालतं. वर रबर शीट चिकटवा, कार्पेट नको, नख अडकतं. सगळा सांगाडा एका बाजूने भिंतीला किंवा सोफ्याला टेकलेला हवा, आणि दाबून हलवल्यावर डगमगला तर पुन्हा सुताराकडे पाठवा. डुगडुगणाऱ्या गोष्टीवर कुत्रा विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच करतो.

दिवाण ५०-६० सेंटिमीटरचा असेल तर सरळ त्याचं वर येणंच बंद करा आणि त्याची गादी तुमच्या उशाशी जमिनीवर आणा. बहुतेकांना उंची नको असते, माणूस हवा असतो. रात्री झोपेत उडी मारणाऱ्यासाठी दिवाणाभोवती फोमच्या गाद्या टाकणं हा उपाय नाही. मऊ जमिनीवर पाय मुरगळतो.

गाडीची डिकी ६५ ते ७० सेंटिमीटरवर असते. बाजारातल्या घडीच्या रॅम्पची लांबी दीड ते पावणेदोन मीटर, म्हणजे चढ तीव्रच राहतो. पाठीवर मुठ असलेला हार्नेस धरून, आधार देत चढवा. १५ किलोच्या आतला कुत्रा उचललेलाच बरा: एक हात छातीपुढून, दुसरा मांड्यांच्या मागून, पाठ आडवी. पुढचे दोन पाय धरून उचलू नये. ३० किलोच्या कुत्र्याला दोन माणसं लागतात, एकट्याने केलं तर तुमची पाठ जाते.

जिना आणि लिफ्ट

लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला म्हणजे साधारण ५४ पायऱ्या, दिवसातून तीनदा खाली आणि तीनदा वर. इथे टॉवेलचा झोळ उपयोगी पडतो. लांब टॉवेल मागच्या मांड्यांच्या पुढून, पोटाखालून घ्यायचा आणि दोन्ही टोकं पाठीवर धरायची. भार उचलायचा नाही, मागचा भाग खचू द्यायचा नाही एवढंच. नर कुत्र्यात हा टॉवेल नेमका लघवीच्या जागेवर दाबतो आणि त्याला शू करता येत नाही, म्हणून खाली पोचल्यावर लगेच सैल सोडा किंवा मांड्यांना वेगळे फास असलेला मागचा हार्नेस घ्या. पावसाळ्यात जिन्याच्या कडा ओल्या असतात, भिंतीकडून चालवा.

फेऱ्या कमी करायच्या असतील तर गॅलरीत शी-शूची सोय करता येते. एक मोठा उथळ ट्रे, त्यात काथ्याची चटई किंवा कृत्रिम हिरवळ, पाणी वाहून जायच्या वाटेपाशी. आयुष्यभर बाहेर जायची सवय असलेला कुत्रा सहजासहजी मानत नाही. त्याच्याच शूचा वास असलेला कागद तिथे ठेवा, सकाळच्या पहिल्या वेळी पट्टा लावून तिथे न्या आणि पंधरा दिवस तरी धीर धरा. गॅलरीच्या कठड्याच्या गजांत १० सेंटिमीटरहून जास्त फट असेल तर जाळी मारा. वाळलेला किंवा नीट न दिसणारा कुत्रा डोकं घालतो आणि अडकतो.

जुन्या जाळीच्या लिफ्टमध्ये तीन गोष्टी: केबिन आणि मजला यांच्यात पातळीचा फरक, मधली फट, आणि मागे राहिलेली शेपूट. फटीवर चटईचा जाड तुकडा टाकून वरून चालवा आणि तो लगेच आत घ्या. दार लावण्याआधी शेपूट बघा. आपोआप बंद होणाऱ्या दारात आधी कुत्रा आत, मग तुम्ही. पट्टा कायम हातभर आखूड. सोसायटीने लिफ्ट वापरू दिली नाही तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सचिवांना दाखवा. पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असं त्यात आहे.

डोळे, कान आणि रात्र

डोळ्यांत निळसर झाक आली की लोक मोतीबिंदू समजतात. बहुतेक वेळा ते वयाने घट्ट झालेलं भिंग असतं आणि दिसणं फारसं कमी होत नाही. पांढरं, अपारदर्शक दिसलं तर मोतीबिंदू. त्यात मधुमेह तपासून घ्या. दोन्हीत अंधारात दिसायचा त्रास होऊ शकतो. गादीपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत झिरोचे बल्ब लावा, जमिनीपासून हातभर उंचीवर. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारे.

न दिसणारा कुत्रा घराचा नकाशा डोक्यात ठेवतो. त्यामुळे फर्निचर हलवू नका. दिवाळीच्या साफसफाईत कपाटं बाहेर येतात, गणपतीत नेमका त्याचा कोपरा मखराला जातो आणि रोषणाईच्या वायरी जमिनीवर लोळतात. मखर उभं राहण्याआधी आठ-दहा दिवस त्याची गादी आणि पाणी आतल्या खोलीत हलवा, म्हणजे सवय होते. टीपॉयच्या टोकांना फोमचे कोपरे लावा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर.

कमी ऐकू येणाऱ्याला झोपेत हात लावून उठवू नका, दचकून चावतो. गादीजवळ जमिनीवर टाच आपटा. रबराखालूनही कंप पोचतो. पार्किंगमध्ये त्याला मोकळा सोडू नये, मागे येणारी गाडी त्याला कळत नाही.

रात्री उठून येरझाऱ्या, भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन थांबणं हा मेंदूच्या म्हातारपणाचा भाग असू शकतो. असा कुत्रा मागे सरकायचं विसरतो. फ्रिजमागे, वॉशिंग मशीनच्या बाजूला, सोफ्यामागे शिरला की तिथेच अडकतो. त्याचं डोकं शिरेल अशा सगळ्या फटी फळीने बंद करा. दुखण्यामुळेही कुत्रा रात्री फिरतो, म्हणून आधी ते तपासून घ्या.

एखाद्या दिवशी तो एकदम एका बाजूला कलंडून पडला, डोकं तिरकं, डोळे डावी-उजवीकडे झटके देत हलताहेत, तर लगेच लकवा म्हणून आशा सोडू नका. म्हाताऱ्या कुत्र्यांत आतल्या कानाशी जोडलेल्या तोलाच्या यंत्रणेचा असा झटका येतो. बरेच कुत्रे दोन-तीन दिवसांत सावरू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत चालू लागतात. डॉक्टर त्याच दिवशी हवेतच. तोवर त्याला भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना उशा लावून ठेवा आणि पाणी भांडं तोंडाशी धरून पाजा.

पाणी आणि शू

घरात शू व्हायला लागली की पाणी कमी करायची चूक सर्रास होते. जास्त पाणी पिणं हे मूत्रपिंड, मधुमेह किंवा, नसबंदीचं ऑपरेशन न झालेल्या मादीत, गर्भाशयात पू होण्याचं लक्षण असू शकतं. शेवटचं तर जीवघेणं. पाणी दिवसभर तीन जागी ठेवा आणि रात्रीची शेवटची फेरी अकराच्या सुमाराला न्या. झोपेत गळत असेल तर अनेक मादींना औषधाने आराम पडतो, ते म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. ओल्या गादीवर पडून मांडीच्या आतली कातडी लाल होते. कोमट पाण्याने पुसा, कोरडी करा, पावडर थापू नका.

पाण्याचं भांडं १०-१५ सेंटिमीटर उचललं तर मान आणि पुढचे सांधे दुखणाऱ्याला सोपं जातं. खोल छातीच्या मोठ्या जातींत उंच भांड्याचा आणि पोट फुगून पीळ पडण्याचा संबंध एका अभ्यासात दिसला आहे, तेव्हा ग्रेट डेन किंवा डॉबरमनला जेवणाचं भांडं उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

कूलर, फिनाइल, गोळ्या

विदर्भ-मराठवाड्यात कुत्रा उन्हाळाभर कूलरला टेकून झोपतो आणि तहान लागली की टाकीतलं पाणी पितो. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि बिघडलेलं अर्थिंग यात माणसं मरतात, कुत्रा तर आधी. तीन पिनांचा प्लग, तपासलेलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या. कूलर आणि त्याची गादी यात मीटरभर अंतर ठेवा.

फिनाइल पाण्यात कमी आणि फरशीवर जास्त, अशी आपली पद्धत. दिवसभर फरशीवर पडून राहणारा कुत्रा ते अंगाला लावून घेतो आणि मग चाटतो. काळं फिनाइल घरात आणूच नका. पांढरं वापरायचं तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच, आणि फरशी पूर्ण कोरडी होईपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. रोजच्या पुसण्याला साबणाचं पाणी पुरतं, फक्त साबणाचा थर राहू नये म्हणून दुसरा हात साध्या पाण्याचा. कपाटाखालच्या डांबरगोळ्याही काढा.

म्हातारा कुत्रा ज्या घरात असतो तिथे बऱ्याचदा म्हातारी माणसंही असतात, आणि त्यांचा गोळ्यांचा डबा टीपॉयवर असतो. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या कुत्र्याने खाल्ल्या तर ताबडतोब दवाखाना. दुखतंय म्हणून त्याला घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका. पोटात रक्तस्राव, यकृत, मूत्रपिंड, काहीही होऊ शकतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामकाबरोबर तर नाहीच. आणि आजींच्या गुडघ्याला लावलेलं जेल तो प्रेमाने चाटतो, त्यातही बहुधा डायक्लोफिनॅकच असतं. जेल लावल्यावर गुडघ्यावरून सुती पट्टी किंवा पायजमा खाली ओढून घ्यायचा, आणि हात धुतल्याशिवाय त्याला कुरवाळायचं नाही.